दसऱ्यापर्यंतचा नेम

“सकाळची पहिलीच पाहिजे. त्याआधी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.”

बारामतीच्या शेवडे डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं त्याला बरेच महिने झाले होते. पण महिन्यातून एकदा ती सकाळ आली की कुशाबाईंच्या कानात तोच आवाज येई. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी सांगितलेलं बाकीचं पुष्कळसं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. ही एक गोष्ट मात्र चटकन कळली. निर्जळी म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

“रतन, ऊठ. फटफटलं.”

सून उठली. तिनं कोनाड्यातली काचेची बाटली घेतली आणि गोठ्यामागं गेली. कुशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. सून पाणी पीत नाही तोवर आपणही प्यायचं नाही, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

आज रतनला वेळ लागला. परत आली तेव्हा तिनं बाटली खाली बघतच हातात दिली, आणि तांब्याला हात लावण्याआधीच भिंतीकडं वळून ओकारी काढली. पोटात काही नव्हतंच.

“काय गं?”

“काय न्हाय आत्या. रातचं वांगं बाधलं.”

कुशाबाईंनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, वर केळीचं पान बांधलं. वरकुट्याहून बैलगाडीनं इंदापूर, तिथून एस.टी.नं बारामती, आणि पुढं ती बाटली आगगाडीनं दौंडवरून पुण्याला जायची. उन्हात तापू द्यायची नाही, हाही एक नेमच होता.

गाडी निघाली तशी शेजारच्या ओट्यावरून रंगूबाईंचा आवाज आला.

“निघाली का वरात? बेडकाला आमचा बी रामराम सांगा, कुशाबाई!”

“सांगते,” कुशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच लहान होता. बैलांच्या घुंगरांत तो रंगूबाईंपर्यंत पोचलाही नसेल.

बेडकाचं गावभर झालं होतं. पुण्याच्या दवाखान्यात ती लघवी सुईनं बेडकाच्या अंगात घालतात आणि त्या बेडकावरून बाईच्या पोटातलं कळतं, हे रतननं कधीतरी कोणाजवळ तरी सांगितलं आणि विहिरीवर हसायला विषय झाला. कुशाबाईंनाही आधी ते खरं वाटलं नव्हतं. मग त्यांनी मनाशी विचार केला. देवानं मासा व्हायला, कासव व्हायला कमीपणा मानला नाही. एखाद्या बेडकाच्या तोंडून त्यानं एका पोरीचं बरंवाईट सांगितलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

*

मागच्या भाद्रपदात रतनला दिवस होते. पोट महिन्यापेक्षा मोठं दिसत होतं आणि बायका म्हणत होत्या, जुळं हाय. मग एके दिवशी अंगावरून जायला लागलं ते थांबेना. झुंबरनं, तिच्या नवऱ्यानं, तिला उचलून गाडीत घातलं. बारामतीला शेवडेबाईंनी पोट मोकळं केलं तेव्हा मूल नव्हतंच. पांढऱ्या तसराळ्यात जे होतं ते कुशाबाईंनी पाहिलं. भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखे दाणेच दाणे, एकमेकांना धरून. त्या दिवसापासून त्यांच्या उपासाच्या ताटातून साबुदाणा गेला, आणि एकादशी साधी होती ती निर्जळी झाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. मुलाची वार असते, तिचाच हा असा घड झाला होता. पुष्कळ बायका यातून बऱ्या होतात. पण एखादीच्या पिशवीत त्याचं मूळ राहतं, ते आतल्या आत पसरतं आणि त्याचा कॅन्सर होतो. मग बाई हाती लागत नाही.

“पुण्याचे मोठे डॉक्टर म्हणतात, वाट बघत बसू नका, पिशवी काढून टाका. म्हणजे भीतीच नको. पण मुलगी विशीची आहे. मी म्हणते थांबू या. फक्त मी सांगेन ते तंतोतंत पाळायचं. पुढच्या दसऱ्यापर्यंत दर महिन्याला तपासणी. आणि तोवर हिला दिवस राहता कामा नयेत.”

“म्हंजी दोघांनी लांब ऱ्हायचं.”

“हो. का ते नीट ऐका. मूल राहिलं तरी बेडूक हो म्हणतो आणि रोग उलटला तरी हो म्हणतो. दोन्हींतलं कोणतं हे मला सांगता येणार नाही. मग मला थांबता येणार नाही, कुशाबाई.”

हे घरी आणायचं कसं, हा प्रश्न होता. कुशाबाईंचे धाकटे दीर आबासाहेब दुसऱ्याच दिवशी येऊन बसले. भावाच्या मागं या घराचा वडीलपणा त्यांच्याकडं होता आणि तो ते कधी विसरू देत नसत.

“वयनी, नवराबायकू येगळी निजवायची, ह्ये कंचं औषीद? सरळ म्हना की पोरगी बाद झाली. झुंबरचं दुसरं बघू. पंचवीस वर्साचा गडी त्यो.”

“दुसरीवर सरकारनं बंदी घातलीया म्हनं, भावजी.”

“सरकार बसलंय मुंबईत. वरकुट्याला कोन येतंय बघाया?”

वाद घालणं कुशाबाईंना कधी जमलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं होतं तरी काय? नवरा लवकर गेला. पदरात एक पोर, कालव्याच्या फाट्याच्या पाण्यावरचा जमिनीचा तुकडा, त्यात वांगी, मिरची, चार मोसंबीची झाडं. उन्हात राबताना आणि एकटीनं निजताना त्यांना धरायला एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे नेम. सोमवारचा, एकादशीचा, चातुर्मासाचा. गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळं घरात कांदा-लसूण नव्हता. घेतलेला नेम त्यांनी तापात मोडला नाही की सुतकात मोडला नाही. गावात त्यांना कोणी हुशार म्हणत नसे, श्रीमंत तर नाहीच. पण कोणी काही नवस बोललं, की एकदा कुशाबाईंना विचारून घे, असं बायका म्हणत. त्यांची तेवढीच काय ती मिळकत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या महादेवाच्या देवळात गेल्या. बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर त्यांनी बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथेचा बेलभंडारा उचलला.

“पुढल्या दसऱ्यापतोर म्या एकयेळ जेवीन, एकादशीला पानीबी घेनार न्हाय. सून माझ्या अंथरुणाशेजारी निजंल. ती अन् झुंबर संसारापासून लांब ऱ्हातील. मोडलं तर माझ्या पोराच्या जिवावर.”

बेलभंडारा उचलताना शेवटी तसंच म्हणायचं असतं. म्हटल्याशिवाय तो पुरा होत नाही. रतन मागं उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

आबासाहेबांना कळलं तेव्हा ते बराच वेळ मिशी ओढत राहिले. डॉक्टरचा शब्द त्यांनी सहज बाजूला सारला असता. उचललेल्या बेलभंडाऱ्याला ओलांडून जाणारा माणूस वरकुट्यात नव्हता. दुसऱ्या लग्नाचं बोलणं तिथंच थांबलं.

झुंबर बागेतल्या खोपीत निजू लागला. तो भाकरीला घरी येई, खाली मान घालून जेवी आणि जाई. बायका थट्टा करीत, “कुशाबाईनं ल्योक बुवा केला.” तो हसे. महिने जात होते. बेडूक दर महिन्याला नाही म्हणत होता.

*

बाटली देऊन आल्यावर आठवडा झाला आणि इंदापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरनं गावातल्या माणसाबरोबर निरोप धाडला. दोघींना डॉक्टरीणबाईंनी तातडीनं बोलावलंय.

दोघी निघाल्या त्या दिवशी ज्येष्ठातली वद्य एकादशी होती. कुशाबाईंनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

एस.टी.त रतन खिडकीशी बसली. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं,

“आत्या, दुपारचा देव निजतो न्हव?”

“व्हय. निवद झाला की दार लावत्यात.”

“मग तवाचं त्याला दिसत नसंल.”

“काय दिसत नसंल?”

“कायबी न्हाय. आपलं इचारलं.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वाटच बघत होत्या. उंच, सडसडीत बाई. बोलताना चष्मा काढून हातात धरायच्या. त्यांनी रतनला तपासलं, हात धुतले आणि समोर बसवलं. कुशाबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“या वेळी बेडूक हो म्हणालाय, रतन. आता मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. झुंबर जवळ आला होता?”

“न्हाय.”

“एकदाही?”

“न्हाय.”

डॉक्टरीणबाईंनी कुशाबाईंना बाहेर बसायला सांगितलं. दार लोटलं. आतून तोच प्रश्न पुन्हा ऐकू आला, हळू आवाजात, समजुतीनं, आणि तेच उत्तर. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या आणि बाकावर कुशाबाईंच्या शेजारी बसल्या.

“पिशवी थोडी मोठी लागतेय. पण ती दोन्हींत लागते. ती नाही म्हणतेय. मी तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे. उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं. मी बरोबर येते. पिशवी काढावी लागेल.”

“काढली म्हंजी पोरगी वाचंल?”

“लवकर काढली तर बहुतेक वाचेल.”

“अन् पोरबाळ?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. “ते नाही. कधीच नाही.”

कुशाबाईंनी हात जोडले. डॉक्टरीणबाईंना, की देवाला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

*

दवाखान्याच्या आवारात लिंबाचं झाड होतं. रतन त्याच्या पारावर बसली होती. रडत नव्हती. रस्त्यापलीकडं एका हॉटेलवाल्यानं कढई चढवली होती आणि भज्यांचा वास येत होता. रतननं नाकाला पदर लावला, मग उठून वाऱ्याची बाजू सोडून पलीकडं जाऊन बसली.

कुशाबाई बघत राहिल्या. झुंबरच्या वेळी त्यांनाही तेलाचा वास सोसत नव्हता. फोडणी शेजारणीनं घालून द्यायची. पण मागल्या वर्षी तो घड पोटात होता तेव्हाही रतनला असंच झालं होतं. मग यातलं कोणतं धरायचं? मूल असलं आणि पिशवी काढली, तर आपल्याच हातानं आपण एक जीव मारला. रोग असला आणि थांबलो, तर ही पोरगी गेली. दोन्हींमध्ये फक्त या पोरीचं एक ‘न्हाय’ उभं होतं.

त्या शेजारी जाऊन बसल्या.

“रतन, म्या नृसिंव्ह जयंतीला नरसिंगपूरला गेले हुते. दोन दीस न्हवते घरी.”

“न्हाय म्हनलं ना, आत्या.”

“म्या कुठं काय इचारलं?”

रतन पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली,

“काढू द्या त्यास्नी काय काढायचं ते. माझं ऱ्हाऊ द्या. तुमचा नेम तरी धडपनी पार पडंल. दसऱ्याला आता चारच म्हयनं हायती.”

ती हे बोलली आणि कुशाबाईंनी वळून तिच्याकडं पाहिलं. रोग्यानं असं बोलावं का? पिशवी काढायची म्हटल्यावर बाई जिवाचं विचारील, दुखेल का विचारील, नवऱ्याचं विचारील. ही नेमाची काळजी करत होती. मघाची एस.टी. त्यांना आठवली. दुपारचा देव निजतो न्हव?

आता त्यांना सगळं दिसलं. नेम कुशाबाईंचा होता. जोवर कुशाबाईंना कळलेलं नाही तोवर तो मोडलेला नाही, असा या पोरीनं हिशेब घातला होता. तोंडातून शब्द गेला की मोडणार, आणि मोडला की झुंबरच्या जिवावर जाणार. बेलभंडारा उचलताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून ती नवऱ्याच्या जिवासाठी आपली पिशवी द्यायला निघाली होती. आबासाहेबांच्या तोंडाला म्हणून कुशाबाईंनी जे कुलूप घातलं, ते या लेकराच्या तोंडाला बसलं होतं. विचारून ते उघडलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारून बघितलंच होतं.

कुशाबाईंनी डोळे मिटले. त्या काय बोलल्या ते कोणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली, पदराच्या टोकाला बांधली, आणि उठून रस्त्यापलीकडं गेल्या.

“कांद्याची हायती का?”

हॉटेलवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं. पांढरं कपाळ, डोक्यावर पदर, कोरडे पडलेले ओठ. “आजी, आज एकादस हाय. केळं देऊ का?”

“इचारलं तेवढं दे. अन् च्या.”

कागदातली भजी आणि कपबशी घेऊन त्या परत पारावर आल्या. सुनेच्या अगदी समोर बसल्या. रतनला आधी कळेचना. त्यांनी एक भजं मोडलं, त्यातला कांदा वर आला, आणि त्यांनी ते तोंडात घातलं.

“आत्या!” रतननं त्यांचा हात धरला. “आत्या, काय करताय? एकादशी हाय! आत्या, थुका ते!”

कुशाबाईंनी सावकाश चावलं. गिळताना त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. त्यावर त्यांनी चहाचा घोट घेतला.

“लई तिखट हाय गं.”

“आत्या, ह्यांचा जीव... तुमी शपथ घातलीया...”

“म्या घातली, म्याच देवाला सांगितलं. पोराचं नाव मागं घेतलं. काय असंल ते माझ्या जिवावर. आता ऐक. नेम मोडला. म्या मोडला, तुझ्या म्होरं बसून मोडला. तू मोडायला आता काय शिल्लक न्हाय. बोल.”

रतनचं तोंड वेडंवाकडं झालं. महिनाभर धरून ठेवलेलं एकदम सुटलं आणि ती त्यांच्या मांडीवर कोसळली. रडता रडता तुटक बोलली. त्या दुपारी ती बागेत भाकरी घेऊन गेली होती. एरवी कुशाबाई बरोबर असत. मोसंबीखाली गार सावली होती. तो म्हणाला, जरा बस. फक्त बस. लई दिसांत तुझ्याशी बोललो न्हाय.

पुढचं तिनं सांगितलं नाही आणि कुशाबाईंनी विचारलं नाही.

“एकदाच, आत्या. देवाशप—”

“शपथ नगं. शपथा पुरं झाल्या आता.” त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग एकदम म्हणाल्या, “ह्यो कार्टा भेटू दे मला. दोन दीस मेलं घर सोडलं तर!”

रतन रडता रडता हसली. हसताना तिच्या नाकात भज्याचा वास गेला आणि ती पाराच्या कडेला धावली.

*

डॉक्टरीणबाई रागावल्या. तो राग खरा होता. “उद्या मी हिला टेबलावर घेतलं असतं! हे मला सकाळी का नाही सांगितलं?”

“सकाळी नेम हुता, बाई,” कुशाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी कुशाबाईंच्या मोकळ्या गळ्याकडं एकदा पाहिलं. रतनला आत नेऊन पुन्हा तपासलं. त्या दुपारची तिथी विचारली, ती मनाशी धरून पोटाचा अंदाज घेतला. बाहेर आल्या तेव्हा आवाज निवळला होता.

“पुण्याच्यांनी लघवी पाण्यानं पातळ करूनही बघितली होती. पातळ केल्यावर बेडूक बोलला नाही. तेच मला खटकत होतं. रोग जोरात असता तर तसा नसता गप्प बसला. पण कधीकधी बसतोही, आणि ही नाही म्हणत होती, म्हणून मी भ्याले. तुम्ही सांगता ती दुपार आणि पिशवीचा आकार जुळतोय. मूल आहे असं धरून मी चालते.”

“म्हंजी काढायचं न्हाय?”

“उद्या नाही. ही आठ-पंधरा दिवस इथंच राहील, माझ्या डोळ्यांसमोर. छातीचा फोटो काढू. पुढंही दर आठवड्याला बघेन. आणि कुशाबाई, मूल आहे म्हणून रोग नाहीच, असं मी म्हणत नाही. रक्ताचा डाग दिसला, तर मी आज थांबले तशी थांबणार नाही. तेव्हा मला अडवायचं नाही.”

“न्हाय अडवनार. पोरगी पयली.”

रतनला खिडकीजवळची खाट मिळाली. नर्सनं दिलेली पेज ती चमच्यानं ढवळत बसली. पिईना.

“आता काय?”

“गावात काय सांगायचं, आत्या? रंगूबाई बोटं मोजंल. म्हनतील, नेम मोडून झालेलं पोर. जलमभर त्याला देवाचा चोर म्हनतील. आबासायेब तर...” तिनं पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू तेवढाही हक्क अजून मिळालेला नव्हता.

कुशाबाई खाटेच्या कडेवर टेकल्या.

“नेम माझा हुता. तुमा दोघांच्या डोक्यावर म्या ठिवला, तुमाला न इचारता. मोडला बी म्याच. गावाला एवढंच सांगनार. कवा मोडला कुनी इचारलं तर म्हनीन, माझी मला ठावं. पोराचं नाव त्यात यायचं न्हाय, तुझं बी न्हाय.”

“तुमी सांगनार? समद्यांम्होरं?”

“बेलभंडारा समद्यांम्होरं उचलला. मग ह्ये काय परड्यात सांगायचं?”

“पर लोक तुमाला काय म्हनतील?”

“म्हनतील म्हातारपनी जीभ चळली. म्हनू दे.”

“कवा सांगशीला?”

“आजच. सांजंला एकादशीच्या भजनाला समद्या येत्यात.” त्यांनी वाडगा उचलून तिच्या तोंडाशी धरला. “पी आता. तू पिल्याबिगर माझी एस.टी. हलायची न्हाय.”

रतननं पेज प्यायली.

*

इंदापूरच्या स्टँडवर झुंबर गाडी जुंपून उभा होता. आईला एकटीच उतरताना बघून तो पुढं आला, आणि दोन पावलांवर थांबला.

“आये, रतन?”

“हाय. बरी हाय. दवाखान्यात ठिवली.”

“काढनार?”

“न्हाय. आज तरी न्हाय.” त्या गाडीत चढून बसल्या. “समदं कळलं मला. बैलं हाक.”

दोन्ही बाजूंना ऊस होता, कालव्याच्या पाण्याचा गारवा येत होता. एकदा झुंबरनं कासरा ओढून धरला, मागं वळला, आणि पुन्हा बैल हाकले. त्याचे खांदे हलत होते.

“उद्या वांगी तोडायची ऱ्हाऊ दे,” कुशाबाई म्हणाल्या. “पयल्या एस.टी.नं बारामतीला जा. तिच्याजवळ बस. बोल तिच्यासंगं. लई दिसांचं ऱ्हायलंय म्हनं तुमचं बोलायचं.”

झुंबरनं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले.

गावात शिरताना दिवस मावळला होता. देवळात टाळ वाजायला लागले होते. रंगूबाई हातात निरांजन घेऊन ओट्यावरून उतरत होत्या. “काय म्हनला बेडूक?” त्यांनी चालता चालता विचारलं.

“देवळातच हो म्होरं. समद्यांसंगं सांगते,” कुशाबाई म्हणाल्या. त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि चाकाला धरून खाली उतरल्या.

“म्या बी येतो, आये.”

“नगं. बैलं सोड, त्यास्नी पानी दाव. तितं तुझं काय काम न्हाय.”

गाडी घराकडं वळली. कुशाबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि देवळाची वाट धरली. एकादशीच्या भजनाला पोटात अन्न घेऊन त्या आयुष्यात पहिल्यांदाच चालल्या होत्या.